पाहुणी कातडी

संकेश्वरच्या गुऱ्हाळात काहिलीतला पाक
भरमाच्या उजव्या हातावर आला
आणि गूळ होऊन तिथंच बसला.
मालक शाई शोधत होता.
मी हात नळाखाली धरला, सोडलाच नाही.

बेळगावात डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
पेढीतली कातडी लावूया.
कुणाची?
नाव नसतंय त्याला.
राहील दोन-तीन आठवडे,
खालून तुमची धरली की सुटेल आपणच.

पट्टी सोडताना शांतव्वा सिस्टर मोजते
ओंदु, एरडु, मूरु…
भरमा दात आवळून पुढं, चार, पाच.
दहापर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही.

काल एक कड उचलली,
कांद्याच्या वाळल्या पापुद्र्यागत.
खाली गुलाबी, ओलसर.
शांतव्वानं चिमट्यानं ती ट्रेमध्ये ठेवली.

भरमा कितीतरी वेळ तिकडंच बघत.
मग म्हणाला,
च्या बी घेतला न्हाई की गं हिनं.