आवाजांची यादी

डॉक्टर दालगादोंनी अर्धी गोळी लिहून दिली
आणि म्हणाले, घरी जाऊन जरा कान द्या.
कुठला आवाज झाला की छातीत धडधडतं
तेवढं लिहून आणा पुढच्या खेपेला.

मी बँकेतला माणूस.
यादी करा म्हटलं की अर्धा बरा होतो.
त्या दिवशी म्हापशाच्या शाखेत, शुक्रवारच्या बाजाराची गर्दी,
सत्तेचाळिसाव्या नोटेवर माझं बोट थांबलं,
काच लांब गेली, रांग लांब गेली,
आणि पलीकडून कुणीतरी विचारलं,
पात्रांव, उदक जाय?
तेव्हापासून हे.

खोर्लीतलं आमचं घर. दोन खोल्या, एक बाल्कांव.
एवढंसं घर, आणि किती बोलतं!
फ्रिज पावणेदोनला खाकरतो.
न्हाणीतला नळ : थेंब, थेंब,
मग विसरल्यासारखा गप्प,
मग थेंब.
लग्नात शाखेने दिलेलं घड्याळ
सेकंद असे टाकतं, जणू व्याज लावतंय.
ट्यूबलाइटची कुणकुण.
माझ्या फोनची टिंग, रात्री अकराला
वसुलीच्या ग्रुपवर साहेबांचा अंगठा.
मागच्या दाराच्या कडीला आवाज नाही,
पण ती लागली आहे ना हे बघायला
मी तीनदा उठतो. म्हणून तीही लिहिली.

सुकांतीने यादी वाचली. हसली नाही.
यात मी कुठे आहे, म्हणाली.
रात्री भांडी आदळते ती?
मी म्हटलं, ते नको लिहायला.
ते ऐकलं की कळतं,
कुणीतरी जागं आहे.

रविवारी बस्त्यांव आला. नळ उघडला,
झिजलेली रबराची चकती माझ्या तळहातावर ठेवली :
पळय, इतलोच.
दोन दिवस मी ती खिशात घेऊन फिरलो.
काउंटरवर, चहाला, साहेबांच्या केबिनमध्ये
अंगठ्याने चाचपत राहिलो.
इतकंच होतं ते.

ट्यूब काढली, पिवळा दिवा आला.
त्याच्या उजेडात भिंतीवरची ओलसुद्धा
कुठल्यातरी बेटाच्या नकाशासारखी दिसायला लागली.
घड्याळ कपाटात, चादरींच्या घडीत.
आठवडाभर ते तिथेही चालत राहिलं,
मग कधी थांबलं, कळलं नाही.
कडीला सुकांतीने लाल चिंधी बांधली,
लागली असली तर अंथरुणातून दिसते.
फोन दोन्ही पावाच्या पिशवीत, दाराच्या आतल्या खिळ्याला.
एका पहाटे तिने पिशवी तशीच बाहेर अडकवली,
आणि पदेराने भोंगा वाजवत येऊन
साहेबांच्या अंगठ्यावर
चार गरम उंडे ठेवले.
त्या दिवशी मी किती तरी दिवसांनी
पोट धरून हसलो.

फ्रिजचं काही करता आलं नाही.
तो खाकरतो. खाकरू दे.

आणि मग एका रात्री
घर इतकं निमूट झालं
की मला माझंच काळीज ऐकू आलं.
आडोशाला काहीच नव्हतं.
ना थेंब, ना काटा, ना कुणकुण,
नुसतं ते, धडक धडक, कानात, उशीत, खाटेच्या पायात.
लाल चिंधी जागेवर होती. तरीही.
मी खाली उतरून गार फरशीवर उताणा पडलो,
आढ्याचे वासे मोजले, अकरा, पुन्हा अकरा,
वाटलं, उठून नळ थोडा सैल करावा.

सुकांती उठली. दिवा लावला नाही,
काय होतंय विचारलं नाही.
अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात गेली
आणि एक टोप ओट्यावर आदळला.
मुद्दाम. मोठ्याने.
शेजारच्या आर्मिंदाचा कुत्रा भुंकला.
मग पाणी ओतल्याचा आवाज,
मग काडी ओढल्याचा.

डॉक्टरांनी यादी नीट वाचली,
गोळी अजून अर्धीच ठेवली.
शेवटच्या ओळीशी थांबून चष्मा वर केला.
माझ्याच अक्षरात, लेजरच्या सवयीने लिहिलेलं होतं :
टोप, एक.
आहे तसा ठेवणे.