मुटका

कोरेगाव पार्कातल्या त्या हॉटेलात
विद्याधरनं मेन्यूकार्ड उजवीकडून वाचलं,
म्हणजे आकडे आधी.
काकडीचे सहा तुकडे, साडेचारशे.
"एवढ्यात मंडईत अख्खा वेल येईल," तो म्हणाला,
जरा मोठ्यानंच.
शाल्मलीची जपानीची परीक्षा त्याच सकाळी झाली होती.
ती उत्साहानं वेटरशी बोलायला गेली
तर वेटर निघाला मणिपूरचा.
दोघंही हसले, आणि त्यानं
रबर लावलेल्या काड्या आणून दिल्या,
लहान मुलांना देतात तशा,
विद्याधरला.

मला लक्षात राहिला तो मिसोचा वास.
लोणच्याच्या बरणीवरचं फडकं सोडल्यावर
फोडी दिसायच्या आधी जो येतो,
त्याच्या दूरच्या नात्यातला.

मग रविवार त्यातच जायला लागले.
धनकवडीतला आमचा ओटा, बांबूची इवलीशी चटई,
काळे कागद समुद्राचे,
आणि बासमती, जो काही केल्या
एकमेकांना धरेना.
गुंडाळी सुटायची, शितं ताटभर.
आम्ही चमच्यानं खायचो,
वर फोडणी घालून, कबूल करते.

एप्रिलात एफडी मोडली.
बॅगेत बाकरवडी, मेतकुटाच्या दोन पुड्या,
आणि छोटा कुकर न्यायचा की नाही
यावरचं भांडण, तेही बरोबर नेलं.

तोक्योत पाच दिवस विद्याधर
केळी आणि पाव खाऊन स्वाभिमानानं जगला.
कानाझावाच्या गल्लीत, फुमिकोसानच्या घरी,
शाल्मलीनं सांगितलं: मासा नाही.
माशाचं पाणीसुद्धा नाही.
बाई बराच वेळ गप्प राहिल्या,
रिपोर्ट वाचताना डॉक्टर राहतात तशा,
मग आत गेल्या.
भाजलेलं वांगं आलं, वर मिसोचा लेप,
एक आंबट खारट फळ, आणि भात.
नुसता, पांढरा, वाफाळता.

विद्याधरनं खिशातून पुडी काढली.
मी टेबलाखालून पाय दाबला त्याचा, तरी.
फुमिकोसान वाकल्या, वास घेतला,
बोटावर चिमूट घेऊन जिभेला लावली.
"किनाको?"
आणि लगबगीनं आतून आणली
त्यांची बरणी: भाजल्या सोयाबीनचं पीठ,
रंग अगदी तोच.
हिंग नाही, मेथी नाही,
पण विद्याधरनं डोळे मिटले.
सहा दिवसांत पहिल्यांदा
तो काहीच बोलला नाही.

नंतर त्यांनी हात ओले केले,
तळव्याला मीठ चोळलं, गरम भात घेतला,
दाबला, फिरवला, दाबला.
निगिरु म्हणजे मुठीत धरणं, शाल्मली म्हणाली.
"मग मुटकाच की हा," तिचा बाप म्हणाला,
आणि हात धुवायला उठला.
त्याचा पहिला फुटला.
दुसरा सगळ्यांनी मिळून खाल्ला.

परत आल्यावर आमचा वाणी हसला.
"चिकट पाहिजे? मग इंद्रायणी न्या की, मावळातला.
गिच्च होतो म्हणून लोक परत आणतात."
इतकी वर्षं मीही आणलाय परत.

शाल्मली आता नागोयात असते.
फोनवर दाखवते दुकानातला तिकोनी भात,
यंत्रानं दाबलेला, कडा सरळ,
ओट्याशी उभ्याउभ्याच खाते.
जेवलीस का, मी विचारते.
हेच जेवण, ती म्हणते.

इथं सकाळी सहाला मी हात ओले करते.
आत मेतकूट, जरासं तूप
(फुमिकोसानला सांगू नका),
विद्याधरच्या भोसरीच्या डब्यात तीन.
तिकोन मला जमत नाही.
बोटं उमटतात, चारही,
अंगठ्याच्या जागी खळगा.

"ऐंशी रुपये किलो," तो डबा उचलताना म्हणतो,
"आणि तिथं सहा तुकडे..."
पुढचं जिन्यात ऐकू येत नाही.
परातीत थोडा भात उरलाय.
एकाचा होईल, लहानसा.
करून ठेवते.