राखेचं मीठ

झिरोला पोचलो तेव्हा वहीत बत्तीस प्रश्न होते,
क्रमांक घातलेले.
त्यातले एकोणीस नाकाबद्दल.

दुयू यासुंग चुलीशी बसलेली.
नाकपुड्यांत काळ्या चकत्या,
कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत
गोंदणाची फिकट निळी रेघ.
मी रेकॉर्डर चालू केला.
ती बोलली, बोलत राहिली,
चुलीवर टांगलेलं मांस उलटून पुन्हा बोलली.
नात रिन्या म्हणाली,
"आजी नाही म्हणतेय."

एवढंच?

"बाकीचं गुडघ्यांबद्दल आहे.
म्हणते, येणारा प्रत्येक जण नाक विचारतो.
टोपल्या वाहून वाहून गेले ते गुडघे,
ते कोणी विचारत नाही."

रात्री जेवणात ताप्यो होतं.
आधी धूर लागला, मग काहीतरी कडसर,
आणि मीठ फार मागून आलं,
उशीर झालेल्या पाहुण्यासारखं दाराशीच घुटमळत.
कशाचं आहे हे?
हा प्रश्न वहीत नव्हता.

सकाळी आजीने माझ्या पाठीला टोपली अडकवली.

बांधावरून चालायचं. एका अंगाला भात,
भाताच्या पायाशी पाण्यात मासे,
बांधावरच नाचणी.
घसरलास तर तिन्हींचं नुकसान, रिन्याने बजावलं.
मी दोनदा घसरलो.
किती नुकसान झालं ते कोणी सांगितलं नाही.

गवत वाळलं, जळलं.
राख नरसाळ्यात भरून वरून पाणी.
मग थेंब.
मग बराच वेळ काही नाही.
मग थेंब.
मी विचारलं, किती वेळ लागतो?
रिन्याने हे आजीला सांगितलंच नाही.

त्या दुपारचं रेकॉर्डिंग अजून आहे माझ्याकडे,
तीन तास अकरा मिनिटं:
थेंब, एक कोंबडी,
आणि कुणाचा तरी खोकला. माझाच असावा.

संध्याकाळी खारं पाणी चुलीवर चढलं.
काहीतरी चांगलं बोलावं म्हणून
मोडक्या हिंदीत मी म्हणालो,
आमच्यात खाल्ल्या मिठाला जागावं लागतं.
रिन्या अडली.
"जागायचं म्हणजे? झोपायचं नाही?"
आता कुठे फोड करत बसू. म्हटलं, हो, तसंच काहीसं.
तिने आजीला सांगितलं.
आजी इतकी हसली की नाकातल्या चकत्या हलल्या,
आणि लाकडांचा भारा माझ्याकडे सरकवून
ती झोपायला गेली.

जाळ मोठा झाला की पाणी उतू येई,
लहान झाला की उकळी मरे.
वही उघडली एकदा, उजेडाला धरली,
मिटली.
मांडी मोडून, मांडी बदलून, उकिडवा बसून
मी एका मडक्याला जागलो.

पहाटे आजी आली.
आधी मडक्यात डोकावली. काळपट, घट्ट.
मग माझ्याकडे वळून काही विचारलं.
रिन्या झोपलेली होती.
भाषांतर लागलं नाही, आजीचं बोट
माझ्या गुडघ्यांकडे होतं.

छे, काही नाही, म्हणून
मी उठून दाखवायला गेलो.

उठवेना.