दहापैकी तीन

ब्युनोस आयरेसहून तीन पेट्या आल्या,
आतली हत्यारं फोममध्ये रुतवलेली, दागिन्यांसारखी.
सोबत एक तक्ता: पकड, दाब, बुडबुडे,
राळेचा रंग, पैसे वसूल होतात का, शेरा.
कंपनीचा ब्रागादिन फोनवर म्हणाला,
खरं तेच लिहा बाई, पण जरा गोड लिहा.

एस्केलच्या बाहेर, डांबर संपून खडी सुरू होते
तिथे माझी शेड. या धंद्याला याहून चांगली जागा नाही.
पुढे मेंढ्यांचा ट्रक, मागे आपण,
आणि मधे तो वारा, खड्यालाही पंख लावणारा.

जुलै आहे, म्हणजे इथे कडाका.
भिंतीला टेकून सव्वीस टाकाऊ काचा.
सकाळपासून मी त्या फोडते आहे,
नीट, मोजून,
लाकडी घोडीवर आडव्या ठेवून
दीड मीटरवरून पोलादी गोळी सोडत.
कुठे तारा उमटतो, कुठे पैशाएवढा गोल,
कुठे नुसता टवका, कीव यावी असा.
एक काच फुटतच नाही. तिला बाजूला ठेवलं.

पहिली पेटी जर्मन. रबरी कप काचेला असे बिलगतात
की सोडवताना मुका घेतल्यासारखा आवाज येतो.
आधी हवा ओढायची, मग राळ सोडायची, पुन्हा हवा.
तड्याची चांदी मधून टोकाकडे विरत जाते.
नऊ. किंमत वाचल्यावर आठ.

दुसरी बॅटरीवरची, दिवे लुकलुकणारी,
दाब स्वतःच ठरवते. शेडमध्ये उत्तम.
बाहेर उणे सहात नेली
तर पडद्यावर एक आकडा दाखवून गप्प बसली.
माहितीपुस्तिकेत तो आकडा नाही.
चार.

तिसरी प्लास्टिकची. दुसऱ्याच खेपेला आटे घसरले.
राळ मात्र बरी. शेरा: भेट द्यायला चालेल,
ज्याच्याशी वाकडं आहे त्याला.

तक्त्यात एक ओळ उरली.
रिकामी दिसू नये म्हणून,
की मला बघायचंच होतं,
खिळ्यावरून तेओदोसिओचं पितळी यंत्र काढलं.
ट्रॅक्टरच्या नळीतून त्याने स्वतः घडवलेलं.
याच्यावरच मी शिकले: अंगठा किती वळवायचा,
कुठे थांबायचं, कधी शिवी द्यायची,
आणि काच तापून आली तर आधी सावलीत बसू दे,
पाहुण्याला बसवतो तसं.
त्याला जाऊन पाच हिवाळे झाले.

वायसर झिजलेलं. नवं घातलं, तरी गळतं.
सहा काचांत सहा वेळा बुडबुडा,
ताऱ्याच्या एका पायात.
सातवी काच घेतली. आठवी.
भिंगातून बघत राहिले, बुडबुडा हलेल म्हणून.
मग पेन उचललं: दहापैकी तीन.
लिहिताना वळून पाहिलं, दारात कुणी आहे का.

दुपारी इर्मा कायुपान आली,
ट्रकभर मेंढ्या, इंजिन चालूच.
वायपरच्या टोकाशी ताजा टवका.
जर्मन यंत्राने पंचवीस मिनिटांत भरला,
दिव्याखाली राळ सुकवली, पात्याने सपाट केली.
बोट फिरवत ती म्हणाली, कुठे होता गं?
आणि तिच्या बोटाखाली वीतभर अंतरावर
मला दिसला एक जुना तारा. एका पायात बुडबुडा.

तो होय? तेओदोसिओचा.
धाकटा पोटात होता तेव्हाचा.
धाकटा मागच्या फळीवर चढून मेंढ्या मोजत होता,
अकरा वर्षांचा, दर वेळी वेगळाच आकडा सांगणारा.

नख फिरवलं. भिंग लावलं.
तडा त्या दिवशी जिथे थांबवला तिथेच थांबलेला.
अकरा हिवाळे, आणि इर्मा म्हणते,
चार लाख किलोमीटर, तेही खडीवर.

तक्त्यात यासाठी रकाना नाही.
तीनाचे चार करावेत असं क्षणभर वाटलं.
केले नाहीत. बुडबुडा तो बुडबुडाच.
शेऱ्यात लिहिलं: विकत घेऊ नये, मिळणारही नाही.
आणि खाली, समासात, बारीक अक्षरात:
बाकी तिघांचे गुण
अकरा वर्षांनी पुन्हा मागवा.