इरुळप्पन मरायच्या आधी

सगळ्या कोविलपट्टीला नायक आवडायचा.
शण्मुगा टॉकीजच्या छपरावरून त्याचा पन्नास फुटी कटआउट
थेट काडेपेटीच्या कारखान्यापर्यंत नजर ठेवायचा.
पहाटे पाचच्या खेळाआधी पोरं शिडी लावून
त्याच्या खांद्यावर दुधाच्या पिशव्या फोडायची,
खाली कुत्री वाट बघत उभी.

माझ्या आईला मात्र खलनायक आवडायचा.

इरुळप्पन. इरुळ म्हणजे अंधार.
देवीच्या वणांनी भरलेला चेहरा, एक खांदा किंचित उतरता,
नामावळीत सातवा की आठवा,
'आणि इतर'च्या जरासा वर.
तो लाथेनं दार उघडून आत आला
की अख्खं थिएटर शिव्या घालायचं,
आणि बायकांच्या बाकांवरून एक शिट्टी यायची,
लांब, स्वच्छ,
दोन बोटं जिभेखाली घालून मारलेली.
माना वळायच्या.
मी फ्रॉकच्या घेरात तोंड खुपसायचे.
पेच्चियम्माळ पडद्यावरून नजर काढायची नाही.
बोटांना दिवसभराच्या गंधकाचा वास,
त्याच बोटांची शिट्टी.

"तोच का गं?" मी एकदा विचारलं.
चौकटीत काड्या भरता भरता ती म्हणाली,
"नायकाला सगळं लिहून दिलेलं असतं.
वारासुद्धा त्याच्या केसांसाठी सुटतो.
ह्याला ठाऊक असतं, शेवटी मार खायचाय.
तरी मिशीला पीळ भरून येतो ना रोज कामाला?"
मग दोन चौकटी भरून झाल्यावर,
"तुझे वडील दिसायला नायकासारखे होते."
त्यांच्याबद्दल एवढंच ती सांगायची.

पडद्यावर गोदाम आलं,
गोदामात रिकामी पिंपं रचलेली दिसली
की ती माझा दंड धरायची. चल.
लोकांचे गुडघे ओलांडत, शेंगांची टरफलं तुडवत
आम्ही बाहेर.
भिंतीमागून ठोसे ऐकू यायला लागायचे
आणि आई सायकल स्टँडचा बिल्ला शोधत
उगाचच मोठ्यानं विचारायची,
उद्या सांबारात मुळा घालू की भोपळा?

असे एकतीस सिनेमे.
एकाचाही शेवट मला ठाऊक नव्हता.
वर्गात मुली रंगवून सांगायच्या, नायकानं कसा सूड घेतला,
मी म्हणायचे, आम्ही गेलो तेव्हा इरुळप्पन जिंकत होता.
खोटं नव्हतं ते.
आम्ही निघालो तेव्हा तो जिंकतच होता.

शण्मुगा टॉकीजचा आता लग्नाचा हॉल झालाय.
परवाच्या आडी महिन्यात
बातम्यांच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत तो गेला.
वडपळनी, भाड्याचं घर, वय एकोणऐंशी.
वर नायकाच्या नातवाचं लग्न चालू होतं,
ते संपेपर्यंत पट्टी दोनदा फिरली.
रात्री कुठल्याशा चॅनेलवर जुना सिनेमा लागला,
त्याच्यासाठी नव्हे,
नायकाचा सप्ताह होता.

गोदाम आलं. पिंपं आली.
मी सवयीनं रिमोट उचलला.
आईनं माझा दंड धरला.
"बस."

मग आम्ही दोघी बघत राहिलो.
काच फुटली, पिंपं गडगडली,
तो वरच्या सज्ज्यावरून उलटा,
हात पसरून,
इतका सावकाश खाली आला
की मला वाटलं, मधेच विचार बदलेल.
नायक केस सावरत होता, कॅमेरा त्याच्यावर.
पण चौकटीच्या अगदी कडेला, धुळीत,
इरुळप्पनचा एक पाय
पुन्हा एकदा हलला.
हे कुणी लिहून दिलेलं नसणार.

आईची दोन बोटं तोंडाकडे गेली.
बोळकं तोंड, शिट्टी कुठून वाजणार,
नुसती हवा आली.
"पडला," ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं, जाहिराती सुरू झाल्यावर,
"पडायला येत होतं गं त्याला."