वजा सात

पहिले तीन दिवस मी म्हणजे नुसता एक चाचपणारा हात.
भिंतीला धरून संडासापर्यंत,
येताना टेबलाचा कोपरा मांडीत,
मग उशीत तोंड खुपसून पडणं.
डॉक्टर म्हणाले होते, थोडं चुरचुरेल.
पापण्यांखाली कुणीतरी कांदा चिरत होतं
आणि चिरून झालेला पुन्हा चिरत होतं.

तेक्लेनं खिडक्यांना ब्लँकेटं ठोकली,
मोबाईलवर थेंबांचे गजर लावले.
पांढऱ्या झाकणाची बाटली दर चार तासांनी,
गुलाबी झाकणाची हलवून,
अश्रूंची हवी तेव्हा.
अश्रू बाटलीत मिळतात हे ठाऊक होतं,
ते फ्रिजच्या दारात आंबट आलुबुखाराच्या चटणीशेजारी राहतात
हे नव्हतं ठाऊक.
"वर बघ. आई, वर! माझ्याकडे नको."
चौदा वर्षांची पोर, माझी हनुवटी चिमटीत धरून.

अंधारात तिबिलिसी ऐकूच येते फक्त.
अंगणातला नळ कुणी अर्धवट बंद केला ते कळतं,
लाकडी जिन्याची सातवी पायरी
वाझाकाकांसाठी करकरते, इतरांसाठी नाही, तेही.
खाली सोंगट्यांचा खेळ, पाटावर आपटणारे फासे,
हरणारा नेहमी जास्त मोठ्यानं आकडे ओरडतो.
समोरच्या सज्ज्यातून गुलिको:
"लामारा, केस धुतलेस तर याद राख!"

रात्री डोळ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या, चिकटपट्टीनं.
ज़ुराब आधी पोट धरून हसला.
मग सुटलेला पट्टीचा कोपरा
अंगठ्यानं दाबत बसला बराच वेळ.

सहाव्या दिवशी काळा चष्मा लावून सज्ज्यात आले.
डोंगरावरचा टॉवर, त्याची एकेक सळई.
गुलिकोच्या दोरीवरचे चिमटे मोजता येत होते,
तिच्या परकराचं भोक, भोकातून भिंत.
ज़ुराबच्या कानातले केस.
छताच्या कोपऱ्यातलं जाळं. किती वर्षं होतं ते?
संध्याकाळी दिवे लागले तर प्रत्येकाला खळं,
चंद्राला पडतं तसं,
कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानालासुद्धा.
चष्मा वर सरकवायला बोट सवयीनं जाई
आणि रिकाम्या नाकाला टोचून परत येई.

मग बेका आला, गुलिकोचा नातू,
तळहात पुढे धरून. कठड्याचं कुसळ.

हे माझं काम. वयाच्या आठव्या वर्षापासून.
वजा सात नंबरच्या बाईला
रस्त्यापलीकडचा नवरा दिसत नाही,
पण चष्मा काढून हात नाकाशी धरला
की कातडीच्या नांगरटीत आडवं पडलेलं
केसाएवढं लाकूड दिसतं, त्याचा रंगही.
अख्ख्या अंगणाचे काटे मी काढलेत.
वाझाकाकांच्या टाचेतली काच,
गुलिकोच्या नखाखालची माशाची फास,
एकदा तर धाकट्या पाद्र्याच्या बोटातला गुलाब.

बेकाचा हात नाकाशी आणला. धुकं.
लांब धरला. हात लख्ख, कुसळ नाहीच.
आणखी जवळ. पुन्हा धुकं.
इतरांच्या डोळ्यातली कुसळं दिसणारी माणसं असतात,
मला तळहातावरचं दिसेना.
अख्खा डोंगर मिळाला होता,
त्याच्या बदल्यात नाकासमोरची एक वीत गेली.
डॉक्टरांनी सांगितलं होतं बहुतेक,
कागदावर सहीही केली होती मी,
बारीक अक्षरांखाली. तेव्हा वाचता येत होती.

"काकू, दुखतंय," बेका म्हणाला.

तेक्ले आतून आली, पिठाचे हात पुसत.
काही न बोलता तिनं स्वतःचा चष्मा काढला
आणि मला धरायला दिला.
वजा साडेचार. मागच्या वर्षी चार होता.
त्याचा हात नाकाशी नेऊन
ती वाकली, श्वास धरून,
आणि तिच्या तोंडाचा तो आकार
मी आरशात कधी पाहिला नव्हता,
कसा पाहणार, काटे काढताना.

चष्मा गरम होता, काचांना पीठ लागलेलं.
स्वेटरच्या टोकानं मी पुसत राहिले.
फ्रिजवर गजर वाजू लागला, पांढरं झाकण.
"थांब गं," मान वर न करता तेक्ले म्हणाली,
"येतंय. सुई दे."