साडभाऊंच्या गाड्या

मंडई उठली, नाटकाचे पडदे वडशाला परत गेले,
की आमच्या बांधावर परमुलखातली बदकं उतरतात.
बदकांच्या मागं गोंदियाची, नागपूरची माणसं,
गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या.
आणि माणसांच्या मागं या दोन गाड्या.

शामलाल कापगतेची ‘नवदुर्गा’, निळी.
भाऊदास लांजेवारची ‘जय गायमुख’,
तिचा मूळ रंग तिलाही आठवत नसेल.
दोघे साडभाऊ. बायका सख्ख्या बहिणी,
संक्रांतीला एकमेकींच्या ओटीत बोरं घालतात.
नवरे मात्र ठेसनापासून बांधापर्यंत
बारा किलोमीटर एकमेकांच्या नावानं हॉर्न वाजवतात.

मी कौतिका. शिंगाडे उकडून विकते.
एरवी लाल गाडी सकाळी एकदा येते,
आली तर येते.
तिची वाट बघून शिंगाडे निवतात, चिकटतात,
मग ठेसनावरची गिऱ्हाइकं नाक मुरडतात.

त्या साली तिकीट वीस होतं.
शामलालनं पंधरा केलं.
भाऊदासनं बारा, वर टोपलीचं काही नाही.
शामलालनं दहा, वर टेपवर दंडारीची गाणी.
भाऊदासच्या क्लीनरनं तर मोहाखालीच
माझी टोपली उचलून टपावर ठेवली,
“मावशे, तू बस न वं. पैशाचं मंग पाहू.”
पुसाच्या महिन्यात तिकीट पाचावर आलं.

पाच रुपयांत काय झालं सांगू?
बयाबाई, जी लग्न होऊन आली ती गावातच राहिली,
रोज दुपारी ठेसनावर जाऊन रेल्वे बघायला लागली.
कुठली, कुठं चालली, विचारायची नाही.
डबे मोजायची. परत यायची.
रात्री कुणी भेटलं की सांगायची, “आज एक कमी होता.”
वलथऱ्यांच्या दोन पोरी शिवणक्लासात गेल्या.
मास्तर नुसती दाढी करायला अर्जुनीला जायचे.
मी दिवसाला दोन फेऱ्या केल्या,
दोन्ही वेळा टोपलीतून वाफ निघत होती.
दुर्बिणवाल्यांना वाटलं असेल,
केवढं कामाधंद्याचं गाव आहे हे.

माघात त्यांचा सासरा गेला.
तेरवीला बहिणींनी दोघांना शेजारी शेजारी बसवलं.
वरणाची वाटी इकडून तिकडं झाली,
मग दोघं गळ्यात पडून रडले.
गावानं डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्या दिवशी तिकीट तीस.
सम तारखेला नवदुर्गा, विषमला गायमुख.
टोपलीचे दहा वेगळे.
रस्त्यावर इतकी शांतता,
की बदकांचे पंख ऐकू यायचे.

बयाबाई मोहापर्यंत यायची.
गाडी थांबायची, निघायची.
ती धुरळा बसेपर्यंत उभी राहायची.

शिमग्याला बदकं उडाली,
गाड्या वऱ्हाडं वाहायला गेल्या.

आता पुन्हा मंडई उठली आहे.
काल दोन्ही गाड्या आल्या, एकाच हिरव्या रंगात,
एकाच पेंटरनं काढलेलं एकच वाक्य मागं:
‘मायेची सावली’.

आज सम तारीख.
मी तीस दिले, वर दहा, एकेक नाणं मोजून.
ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर टेकले आणि सहज म्हटलं,
“भाऊ, तुमचं मन लय मोठं जी.
नाहीतर भाऊदासभाऊ परवा ठेसनावर म्हनत होते,
शामलालले गाडी कुठं चालवता येते,
माह्या धुरळ्याले पाहू पाहू आनते बापा.”
तो काही बोलला नाही.
फक्त वळणावर, समोर कुणी नसताना,
हॉर्न वाजला.

उद्या विषम.
भाऊदाससाठी दुसरं वाक्य आहे, थोडं लांबडं.
त्यात त्याच्या साळीची नवी नथ येते.
शिंगाडे शिजेपर्यंत मनात घोळवते आहे.
मीठ बेतानं पडायला हवं.